तळं तुडुंब भरलं, मग पक्षी कुठं गेले?

बेळगाव भागात पाऊस मनासारखा झाला की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक तक्रार हमखास कानावर येते. तळी भरलीत, नाले अजून वाहतायत, तरी पाणपक्षी गेल्या वर्षीइतके नाहीत. उलट ज्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि गावतळ्याचा निम्मा तळ उघडा पडला, त्या वर्षी उरलेल्या पाण्यावर पक्ष्यांची झुंबड उडालेली असते. मग कुणी मोबाइल टॉवरला दोष देतं, कुणी शिकाऱ्यांना, कुणी हवामानाला. त्यात तथ्य असेलही. पण त्याआधी एक साधी गोष्ट विचारायला हवी: त्या दिवशी पाणी किती होतं, आणि कुठवर होतं?

पाणथळ समजून घ्यायची तर ती पाण्याच्या मधोमध सापडत नाही, काठावर सापडते. जिथं पाणी घोट्याएवढं आहे, जिथं चिखल आहे, जिथं लव्हाळा आणि पाणकणीस उगवतं, तिथंच बहुतेक पक्षी पोट भरतात. हा काठ दर आठवड्याला सरकत असतो, आणि आपल्याकडं तो हळूहळू नाहीसा होतो आहे.

पाय, चोच आणि पाण्याची खोली

छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. त्याचे पाय जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे. तो फक्त ओल्या चिखलावर किंवा पाण्याच्या पातळ थरात चरू शकतो. तुतवार आणि चिखल्या यांचंही तसंच. शेकाट्याचे गुलाबी पाय लांब, म्हणून तो वीतभर पाण्यातही आरामात फिरतो. राखी बगळा आणि जांभळा बगळा त्याहून खोल उतरतात.

बदकांचे दोन गट आहेत. थापट्या, चक्रांग, तलवार बदक, आपलं बारमाही हळदी-कुंकू बदक ही मंडळी बुडी मारून तळ गाठत नाहीत. डोकं पाण्यात आणि शेपटी वर अशी उभी होतात आणि मान पोहोचेल तेवढंच खातात. म्हणजे फूटभर खोलीपलीकडचा तळ त्यांच्यासाठी असून नसल्यासारखा. लालसरी, वारकरी, टिबुकली आणि पाणकावळा हे बुडी मारणारे. त्यांना खोल पाणी चालतं, पण वारकऱ्याला आणि लालसरीला तळाशी वनस्पतीही हव्यात. वनस्पतींना ऊन हवं. पाणी गढूळ झालं की ऊन तळापर्यंत जात नाही आणि मग खोल पाण्यात फक्त मासे धरणारे उरतात.

एवढं ध्यानात घेतलं की भरलेल्या तळ्याचं कोडं सुटतं. तळं सांडव्यापर्यंत भरलेलं असेल तर टिलवा, तुतवार, चिखल्या यांना उभं राहायला जागाच नाही. महिनाभरानं शेतीला पाणी सोडलं, पातळी हातभर उतरली, की तेच पक्षी त्याच तळ्यावर हजर होतात. ते तोवर दुसरीकडं कुठं तरी होते, इतकंच.

पण पातळी उतरल्यावर किती काठ उघडा पडणार, हे तळ्याच्या आकारावर ठरतं. घागरभर पाणी परातीत ओतलं तर कितीतरी ठिकाणी ते बोटभरच खोल असतं. घागरीत मात्र बोटभर खोलीची जागा कुठंच नसते. तळ्याचंही तेच. समजा काठाचा उतार इतका सौम्य आहे की ५० फूट आत गेल्यावर १ फूट खोली मिळते. तर वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरपर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टा १० मीटर रुंद होतो. अशा काठाची लांबी १ किलोमीटर धरली तर पक्ष्यांना चरायला जवळपास अडीच एकर जागा मिळाली. आता त्याच काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करा, उतार दीड फुटाला १ फूट असा ठेवा. उथळ पट्टा उरतो ३० सेंटिमीटर. पूर्ण किलोमीटरभर मिळून तीन गुंठे. अडीच एकराचे तीन गुंठे होतात, आणि तळ्यात पाणी मात्र पूर्वीइतकंच, कदाचित जास्तच.

हा हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीत कुणीतरी एकदा मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं. सुशोभीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेव्हर ब्लॉकचा रस्ता, रेलिंग, कारंजं आणि चारी बाजूंनी बांधलेला काठ एवढंच येतं. लोकांना संध्याकाळी फिरायला जागा हवी, यात काही चूक नाही. फक्त चारही बाजू बांधायची गरज नसते. गावाकडची बाजू बांधा आणि शेताकडची उतरती सोडा.

गाळाबद्दलही असंच. गाळ काढायलाच हवा, आणि तो शेतात गेला तर शेताचं भलंच होतं. पण जेसीबीनं काठापासूनच उभा कडा कापत नेला की परातीची घागर होते. शिवाय वरच्या थरात पाणवनस्पतींचं बी आणि बारीक जीवांची अंडी पावसाची वाट बघत पडलेली असतात. सगळा तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला तर तेही जातं. मधला भाग खोल करायचा, कडेचा पट्टा सोडायचा, एका वर्षी एक बाजू घ्यायची. एवढ्यानं शेतकऱ्याला गाळ मिळतो आणि पक्ष्यांचा काठ राहतो.

आपल्या भागात पाणथळ म्हणजे काय काय

बेळगाव जिल्ह्याची गंमत पावसात आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेळगाव शहरात साधारण १,२०० ते १,३००. आणि पूर्वेला अथणीकडं गेलं की ५००-६०० वर येतो. शे-दीडशे किलोमीटरच्या आत घाटमाथ्यावरचं जंगल संपून कोरडवाहू माळ सुरू होतो. त्यामुळं इथली प्रत्येक पाणथळ वेगळ्या घड्याळावर चालते.

पश्चिमेला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून, मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय. बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचा हा मोठा आधार. जुलै-ऑगस्टमध्ये तो भरतो आणि पुढं मेपर्यंत शहर ते पाणी पितं. त्यामुळं त्याचा काठ हिवाळाभर सावकाश उतरत जातो आणि रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो. पाणथळीसाठी ही चाल फार चांगली.

पूर्वेला घटप्रभा. ही नदी महाराष्ट्रात सह्याद्रीत उगम पावते. चंदगडची ताम्रपर्णी तिला मिळते, आंबोलीतून निघून आजरा-गडहिंग्लज-संकेश्वरवरून येणारी हिरण्यकेशीही मिळते. पुढं हुक्केरी तालुक्यात हिडकलचं धरण, त्याच्या खाली धूपदाळचा ब्रिटिशकालीन बंधारा, आणि मग गोकाकचा धबधबा. धूपदाळच्या मागं पसरलेलं उथळ पाणी आणि त्यातली बेटं हाच घटप्रभा पक्षी अभयारण्याचा गाभा. १९७४ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. कांडे करकोचे आणि दूरवरून येणारे पांढरे करकोचे यांच्यासाठी ते नावाजलेलं.

कांड्या करकोच्याचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. हा पक्षी मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. रात्री तो मोकळ्या, उथळ पाण्यात उभा राहून झोपतो, कारण तिथं कोल्हा-कुत्रा आला तर चाहूल लागते. दिवसा मात्र तो पाण्यावर नसतोच. कापणी झालेल्या ज्वारी, हरभरा, भुईमुगाच्या रानात सांडलेलं धान्य टिपत फिरतो. म्हणजे त्याला दोन गोष्टी जवळजवळ हव्यात: रात्रीसाठी उथळ पाणी, दिवसासाठी मोकळं रान. बेळगाव जिल्हा आज कर्नाटकातला उसाचा मोठा जिल्हा आहे. उसात सांडलेलं धान्य नसतं आणि पुरुषभर उंचीच्या पिकात या पक्ष्याला चार पावलांपुढचं दिसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत एक थेंब पाणी कमी न होता, एक झाड न तुटता, फक्त भोवतालचं पीक बदलल्यानं हा पक्षी एखादी जागा सोडू शकतो. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला यासाठी बोल लावणं अन्यायाचं होईल. त्याला हमीचा भाव तिथंच दिसतो. पण पाणथळ राखायची म्हणजे नुसतं पाणी राखून भागत नाही, हे या पक्ष्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट धरणाच्या दरवाजांची. धूपदाळला किती पाणी राहणार हे बऱ्याच अंशी वर हिडकलमधून किती सोडलं यावर ठरतं. मार्च ते मे या काळात नदी सुरय, टिटवी आणि आर्ली उघड्या पडलेल्या बेटांवर, नुसत्या वाळूत किंवा खड्यांत अंडी घालतात. त्या दिवसांत अचानक मोठा विसर्ग आला किंवा वळवाचा दणका बसला तर घरटी वाहून जातात. पाणी फारच उतरलं तरी धोका, कारण मग बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत पोहोचतात. या पक्ष्यांना पाणी जास्त की कमी यापेक्षा ते दोन महिने स्थिर राहणं महत्त्वाचं.

तिसरी पाणथळ नकाशात निळ्या रंगात दिसत नाही. येळ्ळूर, धामणे, वडगाव, शहापूर, हलगा या बाजूचं भाताचं शिवार. पावसाळ्यात बांधाबांधातून पाणी साचतं तेव्हा हे सगळं मिळून एक मोठं उथळ तळं होतं. गायबगळे, ढोकरी, मोर शराटी, उघड्या चोचीचे करकोचे इथं उतरतात. करकोच्याला शेतातल्या मोठ्या गोगलगायी हव्या असतात. त्याच्या चोचीतली फट त्या धरायला कामी येते. भात कापून मसूर पडेपर्यंत खाचरात जी ओल राहते त्यात पाणलावे लपून बसतात. बांधावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की "काय बघुलालासा?" असं विचारणारं कुणीतरी भेटतंच, आणि थोडं बोलत राहिलं की कोणत्या खाचरात कधी काय उतरतं ते त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असल्याचं दिसतं. औंदा बगळे कमी का, याचंही उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडं असतं: रोपं उशिरा लागली, किंवा औषध मारलं.

एकच तळं बघून फसायला होतं

इथं येणारे सगळे पक्षी सायबेरियातून येत नाहीत. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो सुमारे ३० देशांवरून जातो. त्या वाटेनं येणारे साधारण सप्टेंबरपासून दिसू लागतात, धोबी पक्षी आधी, बदकं मागून, आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पण हळदी-कुंकू बदक, अडई, उघड्या चोचीचा करकोचा, शराटी हे देशातल्या देशात पाण्यामागं फिरणारे. आज राकसकोपला, उद्या हिडकलच्या मागच्या पाण्यात, परवा निपाणीच्या किंवा चंदगडच्या एखाद्या लहान तळ्यावर. राज्याची सीमा त्यांना लागू नाही.

म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ते विखुरतात. शेकडो खड्डे, शेततळी, बंधारे भरलेले असतात. एका ठरावीक तळ्यावर आकडा कमी दिसणं यात काळजीचं काही नाही. २०२३ सारख्या वर्षी, जेव्हा पावसानं दगा दिला आणि राज्य सरकारनं बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले, तेव्हा उरलेल्या थोड्या पाण्यावर गर्दी होणं साहजिक होतं. ती गर्दी बघून "वा, पक्षी वाढले" म्हणणं म्हणजे दुष्काळाला चांगलं साल म्हणण्यासारखं. आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांनी काठ सोडले. अशा पुरानंतर वाळूची बेटं, गाळाचे थर, काठची झुडपं यांची जागाच बदलते. पुढची दोन-तीन वर्षं आधीच्या आकड्यांशी तुलना करताना हे धरून चालावं लागतं.

पक्षी वाढले, पण कोणते?

आता अवघड भाग. बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला शिवारातून वाहतो. पावसाळ्यात त्याला पूर येतो आणि भाताची रोपं पाण्याखाली कुजतात, हे दर वर्षीचं दुखणं आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडाला अशा नाल्याच्या कडेला उभं राहिलं तर शेकाटे, धोबी, गायबगळे, ढोकरी भरपूर दिसतात. इतकं घाण पाणी आणि इतके पक्षी, कसं काय?

सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतं. विष्ठेतून येतं, साबणाच्या पावडरीतून येतं, शेतातल्या खतातून धुपून येतं. हे पाण्यातल्या शेवाळासाठी खतच. शेवाळ फोफावतं, पाणी हिरवं होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो वापरतं, आणि मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणूही वापरतात. २५ अंश तापमानाला स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागं साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. तो दोन-तीनवर आला की बहुतेक मासे तगमगतात. सगळ्यात कमी प्राणवायू पहाटे असतो. म्हणून मासे मेल्याची बातमी जवळजवळ नेहमी सकाळीच येते, आणि "रात्री कुणीतरी विष टाकलं" असा संशय घेतला जातो. कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा रात्रीत प्राणवायू संपलेला असतो. पृष्ठभागावर येऊन हवा घेणारा मरळ अशा पाण्यात टिकतो, बाकीचे जातात.

मासे आणि नाजूक जीव गेले की तळाच्या चिखलात एका वेगळ्याच जिवाचं फावतं. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी कमी प्राणवायूतही त्या जगतात. चिखल त्यांनी भरून जातो आणि शेकाट्यांना मेजवानी मिळते. म्हणजे एकूण आकडा वाढतो. पण यादी नीट बघितली तर टिबुकली गेलेली असते, लालसरी गेलेली असते, नदी सुरय वरून घिरट्या घालून निघून जाते, कारण पाण्यातले मासे आणि तळाची झाडं दोन्ही संपली. पक्ष्यांची बेरीज वाढूनही पाणथळ आजारी असू शकते ती अशी.

याचं टोक किती भयंकर असतं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर दिसलं. तिथं १८ हजारांच्या आसपास पाणपक्षी मेले. कारण होतं बोट्युलिझम. प्राणवायू नसलेल्या चिखलात, कुजणाऱ्या मृतदेहात एक जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, त्या अळ्यांत विष साठतं, दुसरा पक्षी त्या खातो आणि पंख, मान लुळी पडून मरतो. मग त्याच्यात अळ्या. ही साखळी तोडायचा मार्ग एकच, मेलेले पक्षी ताबडतोब उचलणं. आपल्याकडं कधी तळ्यावर चार-सहा बदकं मेलेली किंवा मान टाकून बसलेली दिसली तर हात लावू नका, फोटो घ्या, जागा नोंदवा आणि त्याच दिवशी वनखात्याला आणि पशुसंगोपन खात्याला कळवा. "बघू, उद्या सांगू" इथं परवडत नाही.

खताळलेल्या पाण्याचं दुसरं रूप म्हणजे जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची, फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणलेली. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो आणि तिचं बी चिखलात अनेक वर्षं जिवंत राहतं. तिनं पाणी झाकलं की खाली ऊन जात नाही, हवाही नीट मिसळत नाही. पण पक्षीनिरीक्षकाला इथंही गोंधळायला होतं, कारण जलपर्णीवर जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी खुशाल फिरतात. कमळपक्ष्याची लांबलचक बोटं तरंगत्या पानांवर चालण्यासाठीच आहेत. तो घरटंही पानांवरच करतो आणि अंडी नर उबवतो. तळ्याचा थोडा कोपरा असा झाकलेला असणं वाईट नाही. तळ्यावर पाणकोंबड्या वाढत चालल्यात आणि बदकांना उतरायला उघडं पाणीच उरलेलं नाही, असं दोन हिवाळे सलग दिसलं तर मात्र समजावं की कोपऱ्यानं तळं गिळलं.

जलपर्णी काढताना लोक ती काठावरच टाकतात. ती तिथं कुजते आणि तिनं शोषलेलं सगळं खत पुन्हा पाण्यात उतरतं. ती दूर नेऊन कंपोस्ट करायला हवी, आणि वरून येणारं सांडपाणी थांबवल्याशिवाय ती परत येणारच.

कायदा कुणाला पाणथळ मानतो

पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. त्या कराराची व्याख्या मोठी आहे. नैसर्गिक असो की माणसानं केलेली, कायमची असो की हंगामी, सगळी त्यात येते. भातखाचरंही येतात, २००८ मध्ये त्यांच्याबद्दल वेगळा ठरावच झाला. आपल्या राज्यात गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्याला २०२४ मध्ये रामसर दर्जा मिळाला. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंब हंसांसाठी ते प्रसिद्ध आहे. मागडीचं ते तळंही माणसानंच बांधलेलं.

पण देशातले पाणथळ संवर्धन नियम, २०१७ चे, व्याख्या अरुंद करतात. नदीचं पात्र, भातशेती, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि सिंचन, मत्स्यपालन, मीठ किंवा करमणुकीसाठी बांधलेली पाणी साठवण, ही सगळी त्यातून वगळली आहेत. आता हे आपल्या भागाला लावून बघा. राकसकोप पिण्यासाठी, म्हणून बाहेर. हिडकल सिंचनासाठी, म्हणून बाहेर. येळ्ळूरचं शिवार भातशेती, म्हणून बाहेर. धूपदाळला आधार आहे तो अभयारण्य म्हणून, वन्यजीव कायद्याचा. म्हणजे बेळगावकर ज्या पाण्यांवर पक्षी बघतो, त्यातली बहुतेक या नियमांच्या नजरेत पाणथळच नाहीत. शेतकऱ्याच्या जमिनीवर पाणथळीचे निर्बंध येऊ नयेत हे मला पटतं. पण जलाशयांचा काठ, त्यात येणारं सांडपाणी आणि कडेचा भराव याबद्दल तरी नियम हवा होता. तो नसल्यानं आपल्याकडं एकच बळ उरतं, ते म्हणजे वर्षानुवर्षं नीट ठेवलेली नोंद.

नोंद कशी ठेवावी

१८८० च्या सुमारास कॅप्टन बटलर नावाचा ब्रिटिश अधिकारी बेळगावात होता आणि त्यानं या मुलखातल्या पक्ष्यांची नोंद केली. कोणता पक्षी इथं होता ते अशा जुन्या याद्यांतून कळतं. किती होते, कोणत्या पाण्यावर होते, ते यादीतून कळत नाही. आज आपण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतो तेव्हा आकडाही टाकतो. पुढचं पाऊल पाण्याचं.

जमेल त्यांनी एक तळं निवडावं. मोठं अभयारण्य नको, घराजवळचं. सांडव्याच्या भिंतीवर किंवा पाण्यातल्या एखाद्या पक्क्या खांबावर रंगानं दर १० सेंटिमीटरला खूण करावी, अर्थात तळं ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून. प्रत्येक फेरीत पक्ष्यांच्या यादीवर आधी ती पातळी लिहावी. दोरीला पांढरं झाकण बांधून पाण्यात सोडावं, ते दिसेनासं होईल ती खोली मोजावी. १८६५ मध्ये सेक्की या इटालियन धर्मगुरूनं समुद्राच्या पाण्यासाठी हीच युक्ती वापरली होती आणि अजून जगभर ती वापरतात. उघडा चिखल किती, जलपर्णी किती, हे अंदाजानं चार भागांत लिहावं: पाव, निम्मं, पाऊण, पूर्ण. मोजणी दर वेळी त्याच जागेवरून आणि साधारण त्याच वेळेला. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवावं आणि मग तेवढे तुकडे मोजावेत.

काहीच दिसलं नाही तरी यादी टाकावी. रिकामा दिवस लिहिला नाही तर पुढं बघणाऱ्याला वाटतं की या तळ्यावर नेहमीच पक्षी असतात. जानेवारीत, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. त्यात आपल्या तळ्याचा आकडा जरूर द्यावा. पण फक्त जानेवारीत गेलं तर बारा महिन्यांतली एकच चौकट दिसते. जुलैत खाचरं भरतात तेव्हा, ऑक्टोबरात पाणी सांडव्याला टेकलेलं असतं तेव्हा आणि मार्चमध्ये काठ मोकळा होतो तेव्हा, असं फिरावं.

आणि मे महिना सोडू नये. बहुतेक निरीक्षक उन्हाच्या त्रासानं तेव्हा घरी बसतात, पण तळ्याचा आकार तेव्हाच डोळ्यांनी दिसतो. गवंडी लेव्हल काढायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतात ती आणि एक लांब दोरी घेतली तर दोघांना सकाळच्या दोन तासांत काठापासून मधल्या खोलीपर्यंतचा उतार मोजता येतो. दर १० फुटांवर जमीन किती खाली गेली ते लिहायचं, आणि तसं चार बाजूंनी करायचं. हा कागद जपून ठेवला तर पुढं खांबावरची पातळी वाचताच सांगता येतं की आज तळ्यात वीतभर पाण्याचा पट्टा किती गुंठे आहे. गाळ काढायचा किंवा पिचिंगचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा हाच कागद पुढं ठेवावा: कोणत्या बाजूचा उतार सौम्य आहे, तिथं कोणते पक्षी किती पातळीला उतरतात, आणि जेसीबी कोणत्या बाजूनं लावला तर चालेल.